रांगेच्या शेवटी चालणारा

मनमाडहून दौंडकडे निघालेल्या गाडीच्या खिडकीतून अनकाई-टंकाई हे जोडकिल्ले दिसतात. मनमाडची बहुतेक मुलं ते लांबूनच बघत मोठी होतात आणि शाळेची सहल मात्र भलत्याच गावच्या वॉटर पार्कला जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पुढारपण शिकवणारी शाळा इथे जेमतेम दहा किलोमीटरवर उभी आहे.

येवला तालुक्यातल्या अनकाई गावातून वाट चढते. आधी टंकाईच्या पोटातली जैन लेणी लागतात, मग दोन किल्ल्यांमधली खिंड, आणि तिथून एकामागून एक दरवाजे ओलांडत अनकाईचा माथा. वर अगस्ती ऋषींची गुहा आहे, तलाव आहे. 1635 साली शहाजहानच्या सरदाराने हे किल्ले घेतले. हा किल्ला आपण कसा राखला असता, असं दरवाजात उभं राहून विचारलं की वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलंही बोलू लागतात.

पण खरं शिक्षण चालण्यात आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्या संस्थांची एक साधी रीत आहे. सगळ्यांत पुढे लीड, सगळ्यांत मागे बॅकलीड. लीडला वाट माहीत असावी लागते. बॅकलीडने कुणालाही मागे टाकायचं नाही. ज्याला दम लागला, ज्याचा बूट फाटला, जो रुसून बसला, त्याच्या चालीने चालायचं. निघताना, खिंडीत आणि माथ्यावर मोजणी घ्यायची. एक आकडा चुकला तर सगळी रांग थांबते. अंगात रग असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला दिवसभर बॅकलीड करून पाहा. दुपारपर्यंत तो स्वतःच्या बाटलीतलं पाणी दुसऱ्याला देताना दिसतो, आणि संध्याकाळी कोण कुठे घाबरलं हे शिक्षकांपेक्षा त्याला नीट माहीत असतं.

निसर्गात नेऊन माणूस घडवण्याच्या या विचाराला जगात एका मोठ्या संकटातून बळ मिळालं. 1941 साली वेल्समधल्या ॲबरडोव्ही इथे कुर्ट हान हे शिक्षक आणि लॉरेन्स होल्ट हे जहाजमालक यांनी ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. महायुद्धात जहाज बुडालं की तरुण खलाशी अनुभवी खलाशांच्या आधी हिंमत सोडतात, असं होल्ट यांना वाटे. तरुणांना समुद्र आणि डोंगर यांच्याशी ओळख करून देऊन त्यांच्यात धीर आणायचा, हा त्या शाळेचा उद्देश. आपल्याकडे 1954 साली मुंबईत ‘गिरिविहार’ ही गिर्यारोहण संस्था सुरू झाली, पुढे 1982 साली पुण्यात ‘गिरिप्रेमी’. गिरिप्रेमीचे गिर्यारोहक 2012 साली एव्हरेस्टवर पोचले. त्यांचं शिक्षण मात्र सह्याद्रीच्या याच कातळावर झालेलं.

डोंगर चूक पोटात घालत नाही, हेही सांगायला हवं. मनमाडजवळच हडबीच्या शेंडीचा सुळका अंगठ्यासारखा उभा आहे. जानेवारी 2022 मध्ये तिथे दोन गिर्यारोहकांचा जीव गेला. सुळका चढणं हे दोर, खिळे आणि सराव यांचं काम. शाळेच्या मुलांनी तो खालूनच पाहावा. राज्य सरकारने 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेची साधनं यांचा आग्रह त्यात आहे. तो आग्रह पालकांनीही धरावा. “तुमच्यात प्रथमोपचार कुणाला येतात?” एवढं विचारलं तरी समोरची संस्था किती पाण्यात आहे ते कळतं. आणि ढग दाटले म्हणून अर्ध्या वाटेवरून मुलं परत आणली, तर त्या आयोजकाला नावं ठेवू नयेत. मागे फिरण्याचा निर्णय घेणं हे पुढाऱ्याचं सगळ्यांत अवघड काम असतं, आणि मुलांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

मनमाड-येवल्याच्या शाळांना माझी विनंती आहे. येत्या हिवाळ्यात सहलीचा एक दिवस अनकाईला द्या. जाणती माणसं सोबत घ्या, प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी असू द्या, ऊन चढायच्या आत माथा गाठा. आणि बॅकलीडचं काम, आजवर ज्याला कुणी मॉनिटर केलं नाही, अशा मुलाला किंवा मुलीला द्या.