तलवारीचे पाणी

लढाईत तलवार मोडली तर तिच्यावर पोवाडा होतो. टपालाच्या खोक्यात तिचे टोक मोडले तर फक्त विम्याचा अर्ज भरावा लागतो. जपानमधल्या पाचशे-सातशे वर्षांच्या तलवारींच्या नशिबी हे दुसरे मरण येते. युद्धे, भूकंप, १८७६ ची तलवारबंदी, १९४५ नंतरची जप्ती, या सगळ्यांतून वाचलेले पाते एखाद्या अजाण हाताने किंवा सैल बांधलेल्या पुडक्याने कायमचे बिघडते.

मी कवी माणूस. तलवारीशी माझी ओळख शब्दांतून झाली, म्हणून एका शब्दापासूनच सुरुवात करतो. आपण मराठीत पात्याला ‘पाणी देतो’. उर्दूत चांगल्या तलवारीला ‘आबदार’ म्हणतात; ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘आब’ म्हणजे तेजही. जपानी लोहार या शब्दाचा अर्थ आपल्या हातांनी सिद्ध करतो. ‘तामाहागाने’ नावाच्या पोलादाचे पाते घडवून झाले की तो त्यावर मातीचा लेप देतो. पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. मग भट्टीत लाल झालेले पाते पाण्यात बुडवतो. धार झटकन निवते आणि अतिशय कठीण होते. पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. दोहोंच्या सीमेवर लाटांसारखी, ढगांसारखी एक पांढुरकी रेषा उमटते. तिला ‘हामोन’ म्हणतात. जाणकार पारखी या रेषेवरून लोहाराचे घराणे ओळखतो.

पण जे कठीण, ते ठिसूळही असते. ही धार टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटली तरी टवका उडतो. तलवार फरशीवर टोकावर पडली तर टोकच जाते. टवका घालवायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचे पोलाद घासून धार पुन्हा एका रेषेत आणायची. हे काम ‘तोगिशी’ नावाचा कारागीर करतो. आपल्याकडे हत्यारांना शिकल करणारे शिकलगार असत; आजही ते आडनाव आपल्या गावोगावी भेटते. तोगिशी एकामागून एक बारीक होत जाणारे दगड वापरून कित्येक दिवस एकाच पात्यावर खपतो. तरी घासलेले पोलाद परत येत नाही. प्रत्येक दुरुस्तीत तलवार थोडी बारीक होते, तिचे आयुष्य थोडे सरते. टोकाचा कठीण भागच तुटून गेला, तर नवे टोक घडवून काय उपयोग? त्याला पाणी नसते. आणि धारेला आडवी चीर गेली, तर तो असाध्य रोग. तिला ‘हागिरी’ म्हणतात. केसाएवढी असली तरी जाणकार ते पाते नाकारतात.

मग पुन्हा तापवून पाणी का देऊ नये, असे कोणी विचारील. देता येते, पण मग जुन्या लोहाराची रेषा पुसली जाते आणि दिसते ते दुसऱ्याचे अक्षर. विजेच्या सहाणेवर धार लावणाराही नकळत हेच करतो. घर्षणाने धार तापते आणि पाणी उतरते.

अपघात नेमके होतात कुठे? पहिला म्यानातून काढताना. धार वर ठेवून, पात्याची पाठ लाकडावर टेकवून तलवार सरळ, सावकाश काढायची असते. तिरकी ओढली तर पात्यावर ओरखडे उठतात किंवा म्यान आतून चिरते. म्यान जुने, सांधा उकललेला. तो मुठीत आवळून धरला तर धार बाहेर येऊन बोटे कापते. दुसरा अपघात मुठीचा. मूठ आणि पाते बांबूच्या एका लहानशा खुंटीने जोडलेले असतात. ती वाळून मोडली की पाते मुठीतून निसटते. तिसरा अपघात कौतुकाचा! पाहणारा पात्यावर बोट फिरवतो, तोंड जवळ नेऊन बोलतो. घाम आणि थुंकीचा कण, दोन्ही गंजाचे बी. म्हणूनच उघड्या पात्यासमोर बोलू नये असा तिकडचा रिवाज आहे.

चौथा अपघात प्रवासातला. म्यान बांधलेले नसेल तर धक्क्यागणिक पाते आत-बाहेर सरकते आणि टोक लाकडावर आदळत राहते. म्हणून पाठवण्यापूर्वी खुंटी तपासावी, मूठ आणि म्यान मऊ फितीने एकमेकांना बांधावे, कापडात गुंडाळून भक्कम लाकडी पेटीत हलणार नाही असे बसवावे. लाखेच्या रोगणावर चिकटपट्टी लावू नये, ती काढताना रोगणच निघून येते. पोहोचल्यावर पेटी लगेच उघडू नये. विमानाच्या पोटात गार झालेल्या पात्यावर आपली दमट हवा दवासारखी साचते. पेटी खोलीइतकी ऊबदार होईपर्यंत दम धरावा.

हे सगळे इथे सांगण्याचे कारण आहे. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात, मलायात जपानी अधिकाऱ्यांनी शरणागतीच्या वेळी तलवारी खाली ठेवल्या. त्यांतल्या काही भारतीय सैन्यातल्या अधिकाऱ्यांकडे आल्या. बऱ्याचशा कारखान्यात बनलेल्या होत्या. पण काहींच्या लष्करी मुठीत घराण्यातले जुने पाते बसवलेले असे. अशी तलवार एखाद्या भिंतीवर असेल, तर दसऱ्याला ती पितळेच्या भांड्यासारखी घासून चकचकीत करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरावा.

विशेषतः मुठीच्या आत जाणारा भाग. लोहाराने आपले नाव कोरले असेल तर ते तिथेच असते आणि त्यावर शतकांचा काळसर गंज चढलेला असतो. पात्याचे वय सांगणारी ती मोठी साक्ष. पॉलिश पेपरने तो गंज काढणारा माणूस साफसफाई केल्याच्या समाधानात जन्माचा दाखला फाडत असतो.

तेव्हा मूठ उघडू नका. दिसणाऱ्या पात्यावर हलक्या तेलाचा पातळ हात पुरेसा आहे. छायाचित्रे काढा, जाणकाराला दाखवा आणि तोपर्यंत तलवार कोरड्या जागी आडवी, धार वर करून ठेवा. ज्याने तिला पाणी दिले तो माणूस केव्हाच गेला. त्याचे पाणी आपल्या हातून उतरू नये, एवढेच.