घर, गाडी आणि फुटपाथ : बाजाराचा हिशेब एकच

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईच्या भुयारी मेट्रोचा अखेरचा टप्पा सुरू झाला आणि आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची, 27 स्थानकांची मार्गिका पूर्ण झाली. तिच्यावरील काळबादेवी हे स्थानक कापड बाजाराच्या उंबरठ्यावर आहे. यापूर्वी या बाजाराच्या दारी नवे वाहन आले होते ते 1874 मध्ये. त्या वर्षी घोड्यांची ट्राम कुलाब्याहून पायधुणीपर्यंत आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत धावू लागली. 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम बंद झाली, तेव्हापासून बाजाराचा गिऱ्हाईक लोकल, बस आणि आपले दोन पाय यांच्यावर विसंबून आहे.

मेट्रो आली याचा आनंद आहे. परंतु आम्ही कापडाच्या धंद्यात उभे आयुष्य काढलेली माणसे आहोत. मालाची गाठ दुकानाच्या दारात उतरेपर्यंत आम्ही तो माल आला असे म्हणत नाही. गिऱ्हाइकाचेही तसेच आहे. मरोळहून वातानुकूलित डब्यात बसून तो आरामात येईल, पण स्थानकातून वर आल्यावर मार्केटपर्यंतची वाट त्याला पायीच तोडायची आहे. ती वाट आज कशी आहे, हे काळबादेवी, शेख मेमन स्ट्रीट आणि मोहम्मद अली रोडवर फिरणाऱ्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. हातगाडी, टेम्पो, दुचाकी, पाटीवाले हमाल आणि कडेवर मूल घेतलेली बाई, सर्व एकाच पट्ट्यातून चालतात. फुटपाथ असतो, पण तो चालण्यासाठी नसतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. नगररचनेच्या चर्चेत घरांचा विषय म्हाडाच्या टेबलावर, मेट्रोचा दुसऱ्या महामंडळाच्या टेबलावर आणि फुटपाथचा विषय महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात पडलेला असतो. बाजाराच्या वहीत मात्र ही तिन्ही खाती एकच आहेत. एकात खोट आली की तिन्हीत येते.

वरून गेलेला रस्ता

2002 मध्ये जे. जे. रुग्णालयापासून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूस जाणारा उड्डाणपूल खुला झाला. हजरत मखदूम अली माहिमी यांचे नाव त्याला आहे. दक्षिण मुंबईत जाणाऱ्या मोटारींचा वेळ त्याने वाचविला, हे मान्य केले पाहिजे. परंतु पूल बाजाराच्या डोक्यावरून गेला, बाजारात उतरला नाही. पुढे अपघातांमुळे 2010 पासून त्यावर दुचाकींना बंदी झाली आणि दुचाकीवाले पुन्हा खालच्याच गर्दीत आले. पुलाच्या खांबांनी मधली जागा घेतली, दोन्ही कडांना गाड्या उभ्या राहू लागल्या आणि पायी चालणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले आले.

यातून धडा घ्यायचा तो असा की वाहनाचा वेग आणि बाजाराची बरकत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुलावरून ताशी साठच्या वेगाने जाणारा माणूस दुपट्टा विकत घेत नाही. विकत घेतो तो थांबणारा, काचेतून पाहणारा, पायी चालणारा माणूस.

आणि हा केवळ गल्ल्याचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसे रस्ते अपघातांत मरण पावली. त्यांपैकी 32,825 पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक पायी चालणारा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत फुटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर सांगितली आहे आणि बाजारपेठेत याहून अधिक अपेक्षित आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून राज्यांना पादचाऱ्यांसाठी नियम करण्यास फर्मावले. म्हणजे आता आम्ही फुटपाथ मागतो तेव्हा मेहेरबानी मागत नाही.

घराचा प्रश्न दुकानापर्यंत कसा येतो

या भागातील नगररचनेचा इतिहास प्लेगपासून सुरू होतो. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या फोडून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. नागपाडा, आग्रीपाडा येथील चाळी त्यानेच बांधल्या. हवा आली, उजेड आला. परंतु जितकी घरे पाडली तितकी बांधून झाली नाहीत, अशी तक्रार त्याच काळी झाली आणि हटविलेले लोक शेजारच्या गल्ल्यांत आणखी दाटीने राहू लागले. सव्वाशे वर्षांनंतरही प्रत्येक योजनेला हाच प्रश्न विचारावा लागतो : पाडाल किती, आणि त्याच माणसांना परत द्याल किती?

दुसरी गाठ भाडे कायद्याची. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण त्या भाड्यात मालकाला गिलावाही करता येईना. अनेक इमारती मशिदींच्या व धर्मादाय ट्रस्टच्या आहेत. त्यांचीही तीच गत. 1969 मध्ये कायदा करून उपकर बसविला गेला आणि दुरुस्तीसाठी मंडळ आले. त्या वेळी उपकरप्राप्त इमारती 19,642 होत्या. आजही हजारो उभ्या आहेत, आणि पावसाळ्यात त्यातली एखादी बसते. 31 ऑगस्ट 2017 रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून 33 जण मरण पावले. 2019 च्या जुलैत डोंगरीत पुन्हा तेच घडले. त्यामुळे पुनर्विकास नको असे म्हणणे आम्हाला शक्य नाही आणि योग्यही नाही.

भेंडी बाजारात 2009 मध्ये स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने सुमारे साडेसोळा एकरांचा समूह पुनर्विकास हाती घेतला. सुमारे 250 इमारती, 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने एवढा त्याचा पसारा. पहिल्या टप्प्याचे मनोरे उभे राहून कुटुंबे तिथे राहायला गेली आहेत. एकेक इमारत सुटी पाडून तिच्या जागी सुटा मनोरा उभा केला तर रस्ता तेवढाच अरुंद राहतो आणि वस्ती दुप्पट होते. समूह योजनेत रस्ता रुंद करता येतो, फुटपाथ काढता येतो. हा तिचा मोठा गुण आहे.

दुकानदाराने कागद वाचावा

आता धंद्याची गोष्ट. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाच्या नियमात, म्हणजे 33(7) मध्ये, राहत्या भाडेकरूस जुनी खोली कितीही लहान असली तरी किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्र मिळते. दुकानाला अशी किमान मर्यादा नाही. जेवढे क्षेत्र ताब्यात असल्याचे सिद्ध होते तेवढेच परत मिळते. आमच्या बाजारात दुकान ऐंशी फुटांचे, त्यावर पोटमाळा, जिन्याखाली चार गाठी आणि पुढे ओटा, असा कारभार असतो. कागदावर ऐंशी फूट असतील तर ऐंशीच येतील. पोटमाळा मंजूर आहे की नाही, मोजणीच्या नकाशात त्याची नोंद आहे की नाही, हे मोजणीच्या दिवशीच पाहावे. नंतर तकरार करून उपयोग नसतो.

दुसरे, करारनाम्यात नुसते क्षेत्र लिहून भागत नाही. दुकान कोणत्या मजल्यावर, तोंड कोणत्या रस्त्याला, दर्शनी बाजू किती फुटांची आणि माल उतरविण्याची सोय कुठे, हे लिहून घ्यावे. रस्त्यावरचे ऐंशी फूट आणि दुसऱ्या मजल्यावरचे ऐंशी फूट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिसरे, वारसाची बाब. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार दुकानाचा भाडेकरू वारल्यास, त्याच्या हयातीत त्याच्याबरोबर तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क प्रथम येतो. मुलगा गल्ल्यावर बसतो, हे सर्व जग जाणते. पण परवाना, बँक खाते आणि भागीदारीच्या कागदांत त्याचे नाव असेल तर शाबीत करणे सोपे जाते.

चौथी गोष्ट, जिचा विचार कोणीच करीत नाही. हा बाजार ज्यांच्या खांद्यावर चालतो ते हमाल, गुमास्ते, शिलाई कारागीर राहतात कुठे? काही दुकानात झोपतात, काही खानावळीच्या माळ्यावर. कोकणातील अनेक गावांच्या जमातींनी डोंगरी-माझगाव परिसरात खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. गावातून आलेल्या मुलाला उतरण्याची जागा आणि नोकरीची पहिली ओळख तिथेच मिळे. पुनर्विकासाच्या यादीत अशी खोली म्हणजे एक भाडेकरू. तिच्यात पंधरा माणसे वळकट्या टाकत, हे यादीत येत नाही. ही माणसे मुंब्रा-भिवंडीला फेकली गेली की बाजाराची पहाट उशिरा होते आणि त्यांचा प्रवासखर्च शेवटी मजुरीत येतो. मे 2025 मध्ये बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा झाले. मेट्रो-3 चे तिकीट अंतरानुसार दहा ते सत्तर रुपये आहे. शेठला हा आकडा लहान वाटेल, पाटीवाल्याला वाटत नाही. म्हणून समूह योजनांत कामगारांसाठी भाड्याच्या वसतिगृहांची जागा मागितली पाहिजे आणि जमातींनी आपल्या खोल्यांचे कागद एकत्र करून ही मागणी पुढे न्यावी.

चांदणी चौकाचा नमुना

दिल्लीचा चांदणी चौक आमच्यासारखाच जुना आणि कापडाचाच बाजार. 2021 मध्ये लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे 1.3 किलोमीटरचा रस्ता पादचाऱ्यांसाठी नव्याने बांधण्यात आला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना मनाई झाली. माल चढविणे-उतरविणे रात्री गेले. व्यापाऱ्यांना धास्ती होती ती मालाच्या ने-आणीची. नियम कडक पाळला जात नाही, दुचाकी घुसतात, फेरीवाल्यांचा प्रश्न सुटलेला नाही, अशा तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरीही मालाची वेळ आणि गिऱ्हाइकाची वेळ निराळी ठेवता येते, एवढे तिथे दिसले. आमच्याकडे दुपारी बारा वाजता भर गल्लीत टेम्पो लागतो, तेव्हा एक गाठ उतरते आणि पन्नास गिऱ्हाइके परत फिरतात.

फेरीवाल्यांविषयीही दोन शब्द. दुकानदारांच्या सभेत सर्व दोष त्यांच्या माथी मारला जातो. 2014 च्या कायद्याने फेरीवाल्यांना सर्वेक्षण, परवाना आणि ठरलेली जागा देण्याचे कबूल केले आहे. नगर विक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी त्यांचेच हवेत. हा कायदा नीट अमलात आला तर चालण्याचा पट्टा आणि विकण्याचा पट्टा वेगळा होईल. परंतु दुकानाच्या फळ्या, पुतळे आणि लटकणारे कपडे चार फूट पुढे सरकलेले असताना फेरीवाल्याकडे बोट दाखविण्यात इन्साफ नाही. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हाही सदका आहे आणि रस्त्यात बसणाऱ्याने रस्त्याचा हक्क अदा केला पाहिजे, ही रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण आहे. व्यापाऱ्याला याहून निराळी नगररचना शिकविण्याची गरज नाही.

काय करावे

मुंबईच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा एप्रिल 2015 मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला, कारण लोकांनी चुका दाखवून हजारोंच्या संख्येने हरकती नोंदविल्या. 2034 पर्यंतचा सुधारित आराखडा 2018 मध्ये मंजूर झाला. लेखी हरकतीला वजन असते, हे यातून कळावे. चहाच्या टपरीवरच्या तक्रारीला नसते.

प्रत्येक गल्लीच्या व्यापारी मंडळाने तीन कागद तयार करावेत. पहिला, आपल्या गल्लीतील दुकानांचे मोजमाप आणि भाडेपावत्यांची यादी. दुसरा, माल उतरविण्याच्या वेळेचा ठराव, पहाटेचा किंवा रात्रीचा, हमाल आणि टेम्पोवाल्यांना सोबत घेऊन केलेला. तिसरा, स्थानकापासून मार्केटपर्यंतच्या फुटपाथची फूटपट्टीने केलेली मोजणी, कुठे 1.8 मीटर मोकळा आहे आणि कुठे नाही. हे तिन्ही कागद एकत्र वॉर्ड ऑफिसात, म्हाडाच्या मंडळात आणि लोकप्रतिनिधीकडे द्यावेत, पोच घ्यावी, आणि आपल्या दुकानापुढची चार फूट जागा त्याआधीच मोकळी करावी. मोकळ्या ओट्यावर उभे राहून मागितलेला हक्क नाकारणे कोणत्याही अधिकाऱ्याला कठीण जाईल.