नदीकाठचे गाव, धरणांचे पाणी आणि आपली तयारी

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे तालुक्याचे गाव बहुतेक महाराष्ट्राला रेल्वेचे जंक्शन म्हणून ठाऊक आहे. मनमाडहून परभणीमार्गे नांदेडकडे जाणारा लोहमार्ग आणि हिंगोली, वाशीम, अकोल्याकडे फुटणारा फाटा येथे एकत्र येतात. अकोल्याच्या मार्गावरील मीटरगेज २००८ मध्ये संपले आणि जंक्शनचे जुने रूपही त्याबरोबर पालटले. गावाची नदी मात्र होती तेथेच आहे. उन्हाळ्यात तिच्या पात्राकडे पाहून ती कोणाच्या घरात शिरेल असे वाटत नाही आणि नेमके हेच तिच्याविषयीचे गैरसमजाचे मूळ आहे.

शहरे वेगाने वाढत आहेत आणि त्यांच्याबरोबर शहरांवरील संकटेही वाढत आहेत, असे आपण वारंवार वाचतो. या चर्चेत मुंबई, जकार्ता, ढाका, लागोस अशी महानगरांची नावे येतात. परंतु पूर्णेसारखी लहान गावे आणि नांदेडसारखी मध्यम शहरे या प्रश्नात तितकीच गुंतलेली आहेत. किंबहुना मोठ्या शहराकडे असलेला पैसा, अभियंते व यंत्रणा यांच्याकडे नसल्यामुळे त्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. म्हणूनच हा विषय पूर्णेच्या काठावरून समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पूर आणि आपत्ती यांतील फरक

प्रथम दोन शब्दांतील भेद लक्षात घेऊ. पूर ही निसर्गातील घटना होय. नदीला पूर येणे हा तिचा स्वभाव आहे. त्याच पुराने हजारो वर्षे गाळ आणून गोदाकाठची काळी जमीन सुपीक केली. आपत्ती मात्र माणसांच्या वस्तीत घडते. पुराचे पाणी निर्जन माळावर पसरले तर ती आपत्ती ठरत नाही. तेच पाणी झोपलेल्या वस्तीत शिरले तर ठरते. म्हणजेच धोका तीन गोष्टींवर अवलंबून असतो: संकट किती मोठे, त्याच्या वाटेत कोण राहते आणि जे राहतात त्यांची सहन करण्याची व सावरण्याची शक्ती किती. पहिली गोष्ट आपल्या हाती फारशी नाही. उरलेल्या दोन पुष्कळ अंशी आपल्याच हाती आहेत.

पूर्णेत पाणी येते कोठून?

महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या एकाहून अधिक नद्या आहेत. अमरावती, अकोला भागातून वाहणारी पूर्णा तापीला मिळते. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावते आणि मराठवाड्यातून वाहत येऊन गोदावरीला मिळते. तिच्यावर परभणी जिल्ह्यात येलदरी आणि त्याखाली हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर ही धरणे आहेत. दोन्ही १९६० च्या दशकात उभी राहिली. वरच्या बाजूला बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा प्रकल्प आहे. या रचनेमुळे पूर्णा शहराला तीन वाटांनी पाणी गाठू शकते.

पहिली वाट स्थानिक पावसाची. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की शासन त्यास अतिवृष्टी मानते. काळी माती कोरडी असताना भेगांतून पाणी पिते. एकदा भिजून फुगली की पाणी आत घेत नाही. त्यामुळे लागोपाठ तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडलेला पाऊस जवळजवळ सगळा ओढ्या-नाल्यांत उतरतो.

दुसरी वाट धरणाच्या विसर्गाची. बातम्यांत ‘इतके क्युसेक पाणी सोडले’ असे ऐकतो, पण त्याचा अंदाज सहसा येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर. दहा हजार लिटरचे २८० टँकर दर सेकंदाला रिते व्हावेत इतके.

तिसरी वाट फुगवट्याची. ती सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. गोदावरी दुथडी भरून वाहत असली की पूर्णेचे पाणी तिच्यात सहज शिरू शकत नाही. ते अडते, मागे फुगते आणि नदीला मिळणाऱ्या नाल्यांतून उलटे वस्तीकडे येते. अशा वेळी गावावर ऊन पडलेले असते, आभाळात ढग नसतो, तरीही पाणी चढते. ‘पाऊस तर थांबला, आता भीती नाही’ हा हिशेब येथे चुकतो.

धरण दोषी की उपकारक?

पूर आला की ‘धरणवाल्यांनी पाणी सोडले’ अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. वस्तुस्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. मराठवाड्याचे खरे दुखणे दुष्काळ हे आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे अद्याप कोणी विसरलेले नाही. त्यामुळे पावसाळा सरताना धरण काठोकाठ भरलेले असावे अशीच शेतकऱ्याची आणि शहरांची अपेक्षा असते. पण पूर थोपवायचा असेल तर धरणात जागा रिकामी हवी. पाणी साठवणे आणि जागा राखणे या दोन गोष्टी एकाच वेळी पूर्ण साधत नाहीत. कोणत्या महिन्यात किती पातळी राखावी याचे वेळापत्रक ठरलेले असते. तरीही सप्टेंबरअखेर धरण भरलेले असताना मोठा पाऊस झाला, तर येणारे पाणी पुढे सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

२००६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये गोदाकाठाने हेच अनुभवले. दोन्ही वेळा पैठणच्या जायकवाडी धरणातून लाखांच्या मापात विसर्ग करावा लागला. २०२५ मध्ये तर धाराशिव, बीड, जालना, परभणी, नांदेड असा जवळपास सगळा मराठवाडा अतिवृष्टीने झोडपला गेला. दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाला पुराचीही तयारी ठेवावी लागेल, हा त्या वर्षाचा धडा होय.

निळी रेषा आणि लाल रेषा

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने दाखवितात. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र, तर निळ्या व लाल रेषेमधील पट्टा नियंत्रित क्षेत्र मानला जातो.

येथे एक भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची २४ वर्षे निश्चिंत, असा मुळीच नाही. त्याचा अर्थ प्रत्येक वर्षी शंभरात चार इतकी शक्यता, असा आहे. हिशेब केला तर निळ्या रेषेच्या काठावर घर बांधून तीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबाला त्या काळात किमान एकदा असा पूर अनुभवावा लागण्याची शक्यता शंभरात सुमारे सत्तर आहे. लाल रेषेवरील घरासाठीही ती शंभरात सुमारे सव्वीस आहे. शिवाय या रेषा जुन्या पावसाच्या नोंदींवर आखलेल्या असतात. पाऊस कमी दिवसांत आणि मोठ्या सरींनी पडू लागला की रेषाही नव्याने तपासाव्या लागतात.

मग माणसे तेथे का राहतात?

नांदेड शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती साडेपाच लाखांवर गेली. वीस वर्षांत शहर दुप्पट झाले. पूर्णेची वाढ इतकी वेगवान नाही, पण लहान गावातही वस्ती पसरते ती त्याच रीतीने. उंचावरची, रस्त्यालगतची जागा महाग असते. सखल, नाल्याकाठची जागा स्वस्त असते. गावाकडची शेती परवडत नाही म्हणून आलेला मजूर, हातगाडीवाला, बांधकाम कामगार स्वस्त जागाच घेणार. तो अडाणी आहे म्हणून पूररेषेत राहत नाही. त्याला परवडणारी दुसरी जागा शहराने ठेवलेली नाही, म्हणून राहतो.

पुष्कळदा शेतजमिनीचे तुकडे पाडून ते गुंठेवारीने विकले जातात. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदतही वाढविली. यामुळे गरिबांच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर झाली, हे चांगलेच झाले. परंतु कागद नियमित झाल्याने जमीन उंच होत नाही. नाला होता तेथे भिंत आली, पुलाखालची मोरी प्लास्टिकने बुजली, रस्ता दरवर्षी उंच होत गेला आणि घरे खाली राहिली, तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी आपली जुनी वाट शोधतेच.

मराठवाड्यात आणखी एक धोका घरातच असतो. दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद ही येथील जुनी बांधणी. उन्हाळ्यात ती गारवा देते. पण आठवडाभर पाऊस मुरला की भिंत फुगून कोसळते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो जीव गेले, ते मुख्यतः अशाच घरांखाली. २०२४ च्या मार्च व जुलै महिन्यांत हिंगोली परिसरात झालेल्या भूकंपांचे धक्के परभणी, नांदेडपर्यंत जाणवले. म्हणून घराची मजबुती हा पूर आणि भूकंप या दोन्हींवरचा उपाय आहे.

इतरांनी काय केले?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीचे पात्र किती आक्रसले आहे, हे त्या दिवशी साऱ्या शहराला कळले. पुढच्याच वर्षी, २००६ च्या ऑगस्टमध्ये, उकाई धरणाच्या विसर्गाने सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. वेगाने वाढणारे शहर, वर धरण, मध्ये नदी ही सुरतची स्थिती आपल्याशी मिळतीजुळती आहे. त्यानंतर सुरतेने वरच्या खोऱ्यातील पाऊस, धरणातील आवक आणि शहरातील पाणीपातळी यांची सांगड घालून आगाऊ इशारा देण्याची व्यवस्था उभारली. पूर थांबवता आला नाही तरी काही तासांचा, कधी काही दिवसांचा अवधी मिळवता येतो, आणि त्या अवधीत माणसे वाचतात.

त्याहून बोलके उदाहरण बांगलादेशाचे. १९७० च्या चक्रीवादळात तेथे तीन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडल्याचे मानले जाते. त्यानंतर त्या देशाने गावोगावी स्वयंसेवक तयार केले, निवारे बांधले. २०२० च्या ‘अम्फान’ वादळात तेथील मृतांचा आकडा काही दहांवर थांबला. देश श्रीमंत झाला म्हणून हे घडले नाही. कर्णा घेऊन दारोदार फिरणारा, ओळखीचा माणूस तेथे होता म्हणून घडले.

आपण काय करू शकतो?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावेत. नगरपरिषदेने पावसाळ्यापूर्वी नालेसफाई केली का, आपल्या प्रभागासाठी निवाऱ्याची कोणती जागा ठरविली आहे, हे विचारण्याचा नागरिकास हक्क आहे. तो मे महिन्यात वापरावा. जुलैमध्ये उशीर झालेला असतो.

घरी आधार, शिधापत्रिका, सात-बारा, बँकेचे पासबुक, शाळेचे दाखले एका जलरोधक पिशवीत, हाताशी येतील असे ठेवावेत. रोजच्या औषधांचा आठवड्याचा साठा असावा. पाणी दारात येण्याआधीच विजेचा मुख्य स्विच बंद करावा. वाहत्या पाण्याखालील पुलावरून वाहन मुळीच घालू नये. दोन फूट वाहते पाणी मोटारही ओढून नेते. पूर ओसरल्यावर पाणी उकळूनच प्यावे आणि घर आवरण्यापूर्वी नुकसानीची छायाचित्रे काढावीत. पंचनाम्याच्या वेळी ती उपयोगी पडतात.

धर्मग्रामाच्या पातळीवरही बरेच करता येईल. आपल्या छोट्या समूहांना प्रत्येक गल्लीतील घरे ठाऊक असतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, अंथरुणाला खिळलेल्यांची, गरोदर स्त्रियांची यादी आजच करावी. तीत शेजारचे घर कोणत्या धर्माचे वा जातीचे आहे हे पाहू नये. कोणाला कोणी बाहेर काढायचे, हे नावानिशी ठरवावे. आपली शाळा वा सभागृह उंचावर असेल तर ते निवारा म्हणून खुले करण्याची तयारी तहसील कार्यालयाला आधीच कळवावी. पूरग्रस्तांसाठी कपडे व धान्य गोळा करण्यात आपण कधी मागे राहत नाही. तोच उत्साह पूर येण्याआधी महिनाभर दाखविला, तर गोळा करावी लागणारी मदतच कमी होईल.

पूर्णा नदी पुन्हा भरून येईल, गोदावरीही येईल. नदीला आपण दुसरी वाट देऊ शकत नाही; मात्र तिच्या वाटेवर राहणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींना वेळेवर हाक देऊ शकतो. त्या हाकेची तयारी या पावसाळ्यापूर्वीच व्हावी.