मॉरिशस : किनाऱ्याला पाठ करून

पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात सकाळी सर्वांत मोठी रांग लागते ती धोल पुरीच्या गाडीपुढे. पिवळी डाळ शिजवून, वाटून, त्यात जिरं घालून ती मैद्याच्या पारीत भरतात आणि तव्यावर भाजतात. गूळ वगळलेली पुरणपोळीच म्हणा ना! ती एकेकटी मिळत नाही, जोडीनेच घ्यायची. विक्रेता दोन पुऱ्या एकमेकींवर पसरतो, त्यांवर मोठ्या पावट्याची भाजी, टोमॅटोचं रुगाय, लोणचं आणि वाटलेली मिरची घालतो आणि कागदात गुंडाळून हातात देतो. बँकेतला अधिकारी, बंदरावरचा हमाल आणि शाळेला निघालेली पोरं, सगळे ती रस्त्यात उभ्यानेच खातात.

भारतातून जाणाऱ्या बहुतेक पर्यटकांच्या वाट्याला मात्र ही पुरी येत नाही. विमानतळावरून थेट रिसॉर्ट, मग ग्रां बेचा किनारा, एक दिवस इल ओ सेर्फ बेटावर पॅरासेलिंग आणि परत. हा किनारा सुंदर आहेच. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. महासागराच्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आतलं पाणी उथळ, संथ आणि निळं-हिरवं राहतं. दक्षिणेला सुयाकजवळच्या ग्री-ग्रीला ही भिंत खंडित झाली आहे, तिथं समुद्र काळ्या कड्यांवर आदळतो आणि पोहण्याचा विचारही करू नये असा असतो. पण सुमारे 65 किलोमीटर लांब आणि 45 किलोमीटर रुंद असलेल्या या देशाची खरी गंमत किनाऱ्याला पाठ केल्यावर सुरू होते.

मादागास्करच्या पूर्वेला, ज्वालामुखीतून वर आलेल्या या बेटावर मूळचे रहिवासी कोणीच नव्हते. 1598 मध्ये डच आले आणि आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला देऊन, हरणं आणि ऊस मागे ठेवून 1710 मध्ये निघून गेले. त्यांच्यामागून फ्रेंच आले, 1810 मध्ये इंग्रज आले. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले, गुलामी संपत असताना भारतातून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, आणि चीनमधून व्यापारी. इथला माणूस, इथलं पीक, इथलं जेवण, सगळं जहाजातून उतरलेलं आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बेट उलगडत जातं.

ज्या पायऱ्यांवरून मजूर बेटावर आले, त्या पोर्ट लुईच्या बंदरावर आजही पाहायला मिळतात. आप्रवासी घाटाच्या या 16 दगडी पायऱ्या चढून आलेल्यांची नोंद होई आणि मग त्यांना उसाच्या मळ्यांवर पाठवलं जाई. 1834 ते 1920 या काळात जवळपास पाच लाख मजूर या बेटावर आले. 2006 मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. दोन वर्षांनी तोच मान नैऋत्य टोकावरच्या ल मॉर्नला मिळाला. 556 मीटर उंचीचा हा ताशीव डोंगर पळालेल्या गुलामांचा आसरा होता. 1835 मध्ये गुलामी संपल्याची बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे आले, तेव्हा आपल्याला पकडायलाच आले असं समजून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथले लोक सांगतात. आज हा डोंगर चढता येतो. पहिला टप्पा सोपा, रुंद वाटेचा आहे. नंतर मात्र हातापायांनी खडक धरून चढावं लागतं. सह्याद्रीत किल्ले हिंडलेल्यांना ते जड जाऊ नये, पण उन्हं चढायच्या आत खाली उतरलेलं बरं.

रानाची हकीकतही स्थलांतराचीच आहे, फक्त इथं पाहुण्यांनी यजमानांना घराबाहेर काढलं. उडता न येणारा डोडो माणूस आल्यावर शंभर वर्षांच्या आत नाहीसा झाला. त्याची हाडं पोर्ट लुईच्या संग्रहालयात पाहता येतात. आबनूसाची जंगलं तोडून उसाची शेतं झाली. उरलेलं रान जपण्यासाठी 1994 मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. दऱ्या, धबधबे, कड्यांशी तरंगणारे लांब शेपटीचे शुभ्र समुद्रपक्षी आणि पायवाटांचं जाळं अशी ही जागा आहे. वाटेवर दिसणारी माकडं मात्र परकी, आणि लाल, आंबट-गोड फळांनी लगडलेली चिनी पेरूची झुडपंही परकीच. मूळ झाडांना गुदमरवून टाकणारी ही झुडपं वनखात्याची डोकेदुखी आहे. पण हंगामात गावोगावचे लोक पिशव्या घेऊन ती फळं तोडायला रानात येतात आणि मीठ-मिरची लावून खातात. कुटुंबाची सहल होते आणि रानाचा थोडा भार हलकाही होतो.

या रानातल्या केस्ट्रेल नावाच्या छोट्या ससाण्याचे 1974 मध्ये निसर्गात फक्त चार पक्षी उरले होते. गुलाबी कबुतरंही 1990च्या सुमाराला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. कार्ल जोन्स या वेल्समधल्या जीवशास्त्रज्ञाने आणि मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने अंडी उबवून, पिल्लं वाढवून, रानात सोडून आणि तिथं खाद्य पुरवून हे पक्षी परत आणले. आज दोन्ही जाती शेकड्यांत आहेत. हे काम जवळून पाहायचं तर माहेबूरजवळच्या इल ओ एग्रेतवर जावं. जेमतेम 26 हेक्टरांच्या या बेटावर वाटाड्यासोबतच फिरता येतं. मूळची कासवं नष्ट झाली, म्हणून अल्दाब्राची महाकाय कासवं आणून सोडली आहेत. ती फळं खातात आणि आबनूसाच्या बिया रानभर पसरवतात. जुलै 2020 मध्ये ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज याच भागात प्रवाळावर चढलं आणि पुढच्या महिन्यात त्यातलं तेल समुद्रात पसरलं. तेव्हा लोकांनी उसाचं पाचट पोत्यांत भरून तरंगते बांध शिवले आणि ते तेल अडवलं.

शामारेलची सात रंगांची माती आणि पाम्प्लेमूसच्या उद्यानातली ताटाएवढी नव्हे, परातीएवढी कमळाची पानं प्रत्येक सहलीत असतातच. पाम्प्लेमूसला जाणाऱ्याने तालिपॉट ताडाखाली थोडं थांबावं. तो अनेक दशकं वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो.

पुन्हा जेवणाकडे वळलं तर तिथंही तीच जहाजं दिसतात. नाश्त्याला गातो पिमां, म्हणजे वाटल्या डाळीची मिरची घातलेली छोटी भजी, लोणी लावलेल्या फ्रेंच पावात भरून खातात. डाळवडा भारताचा, पाव फ्रान्सचा. दुपारी चिनी हॉटेलात बोल रांव्हेर्से मिळतो. वाडग्यात तळाशी अंडं, त्यावर भाजी-मांस आणि वर भात दाबून वाडगा ताटात उलटा केला की अंडं वर येतं. व्हिंदाय हा मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या माशांचा किंवा ऑक्टोपसचा प्रकार. गोव्याच्या विंदालूचा हा भाऊ, दोघांचीही मुळं पोर्तुगीज खलाशांच्या स्वयंपाकात आहेत. लग्नकार्यात केळीच्या पानावर सात भाज्यांचं जेवण वाढतात, ती तमिळ घरांची देणगी. शाकाहारी माणसाची इथं उपासमार होत नाही, मात्र रुगायमध्ये खारवलेला मासा किंवा सॉसेज असू शकतो, म्हणून विचारून घ्यावं. उन्हातून आल्यावर बाजारात आलुदा प्यावा. दूध, सब्जा, आगरच्या शेवया आणि सिरप असलेला तो आपल्या फालुद्याचाच प्रकार आहे.

मराठी माणसाला या बेटावर आणखी एक ओळख सापडते. गिरमिटियांत मुंबई बंदरातून गेलेली, बरीचशी कोकणातली कुटुंबंही होती. त्यांच्या वंशजांनी भाषा, आडनावं आणि कोकणातल्या जाखडी नाचाशी नातं सांगणारी झाकरी टिकवली आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. पश्चिमेकडच्या कास्काव्हेलसारख्या गावांत गणपती बसतात, आणि गणेशचतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. विवराच्या तळ्याकाठी, गंगा तलावावर, 33 मीटर उंच शंकराची मूर्ती आहे. महाशिवरात्रीला हजारो लोक सजवलेल्या कावडी घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यांतून तिथं चालत येतात. तिथून जवळच ब्वा शेरीचे चहाचे मळे आहेत, आणि व्हॅनिला घातलेला तिथला चहा उंचावरच्या गारव्यात छान लागतो.

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे ऋतू आपल्या उलट चालतात. जानेवारी ते मार्च हा उकाड्याचा आणि चक्रीवादळांचा काळ असतो, तर मे ते ऑक्टोबर हवा कोरडी, आल्हाददायक असते. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भाड्याची गाडी चालवणं सोपं जातं. एसटीच्या सवयीच्या माणसाला बसही पुरतात, आणि पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रो धावते. सात दिवसांची सहल आखणाऱ्यांनी किनाऱ्याला तीन दिवस द्यावेत आणि बाकीचे चार आतल्या बेटासाठी राखावेत. गणेशोत्सव ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, म्हणजे उत्तम हवेच्या दिवसांतच. तारखा ठरवताना तो आठवडा आधी पाहावा.