जुना खेळ, चालू हक्क

नव्वदच्या दशकात आपल्या बाजारपेठांत व्हिडिओ गेम विकणारी, भाड्याने देणारी व दुरुस्त करणारी दुकाने निघाली. एकाच कॅसेटीत अनेक खेळ भरलेले असत. अशा कॅसेटींत पुष्कळदा आढळणारा मोटारीचा एक चमत्कारिक खेळ म्हणजे 'सिटी कनेक्शन'. जपानच्या जॅलेको कंपनीने तो १९८५ साली प्रथम नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला आणि त्याच वर्षी घरगुती यंत्रावरही आणला.

मोटारीचा खेळ म्हटला की शर्यत आठवते. येथे शर्यत नाही. पडद्यावर एकावर एक असे रस्त्यांचे मजले असतात आणि क्लॅरिस नावाची मुलगी त्यांवरून उड्या मारीत छोटी होंडा सिटी हाकते. (१९९८ साली आपल्या रस्त्यांवर आलेली लांब सिटी ती ही नव्हे. ही १९८१ ची आखूड, उंच गाडी.) गाडी जेथून जाते तेथला रस्ता रंगतो. सारा रस्ता रंगला की मुक्काम बदलतो. न्यूयॉर्क, इंग्लंड, जपान असा हा प्रवास आहे.

खरी अडचण रंगवण्याची नसून उरलेल्या तुकड्यांची आहे. रस्ते मध्येच तुटलेले असतात. घाईने उडी मारली की कडेचा हातभर भाग कोराच राहतो आणि तेवढ्यासाठी पुन्हा सगळा फेरा घ्यावा लागतो. भिंत रंगवणाऱ्या कारागिराला हे सांगायला नको. म्हणून जाणता खेळाडू कड पूर्ण करूनच मजला सोडतो.

मागे पोलिसांच्या गाड्या लागलेल्या असतातच. वाटेत तेलाचे डबे मिळतात. डबा फेकला की पोलिसाची गाडी गरगर फिरते, मग धक्का देऊन ती उडवता येते व गुणही मिळतात. पण डबे मोजकेच. समोर गाडी दिसली की डबा उधळणाऱ्याचा हात ऐन वेळी रिकामा राहतो. झेंडा घेऊन आडवी येणारी मांजर मात्र तेलाला दाद देत नाही. तिला धडकलात की तो डाव गेला. तीन फुगे गोळा केले तर पुढच्या मुक्कामावर उडी मारता येते.

खेळातले संगीतही हिशेबाने निवडलेले वाटते. न्यूयॉर्कच्या मुक्कामावर रशियन संगीतकार चायकोव्स्की यांच्या पियानोच्या रचनेची चाल वाजते. ते १८९३ साली वारले, त्यामुळे त्या चालीचे मोल कोणाला द्यावे लागत नव्हते.

जॅलेकोचा धंदा मात्र टिकला नाही. २००० साली ती हाँगकाँगच्या एका कंपनीच्या हाती गेली, २००९ मध्ये पुन्हा विकली गेली आणि २०१४ साली नव्या मालकाचेच दिवाळे निघाले. उरले काय? यंत्रे, गोदाम यांना फारशी किंमत नव्हती. किंमत होती ती जुन्या खेळांच्या हक्कांना. ते हक्क टोकियोतील एका लहान कंपनीने घेतले आणि त्या कंपनीचे नावच 'सिटी कनेक्शन' आहे! जुन्या खेळांच्या नव्या आवृत्त्या काढणे हा तिचा व्यवसाय. हा खेळ आजच्या यंत्रांसाठीही अधिकृतपणे विकत मिळतो.

आपल्याकडच्या त्या कॅसेटी बहुतेक परवानगीविना बनलेल्या होत्या. दुकानदाराला त्यावर चार पैसे सुटले, मूळ कंपनीला मात्र काही मिळाले नाही. कॅसेटी केव्हाच मोडीत गेल्या. हक्काचा कागद जपणाऱ्याला चाळीस वर्षांनंतरही त्याच मोटारीचे पैसे येत आहेत.