जिथं पाय थांबतात तिथं पंगत

वऱ्हाडात भंडारा म्हटला की रोडगे आणि वांग्याची भाजी. कणकेचे पदर घालून वळलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, हातानं फोडायचे आणि वरून तुरीचं वरण ओतायचं. पंगतीत बसलेला कोण, कुठला, हे कोणी विचारत नाही. अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात परमुलखातल्या मजुराला अडल्या वेळी जे अन्न मिळत आलं, त्याच्या मुळाशी हे न विचारणं आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि या रीतीला शिस्त लावली ती डेबूजी झिंगराजी जाणोरकरांनी, म्हणजे आपल्या गाडगेबाबांनी.

बाबा बहुतेकांना ठाऊक असतात ते खराट्यापुरते. माझं मन मात्र वर्षानुवर्षं त्यांच्या सदावर्तात अडकलेलं आहे. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा. दारूपायी वडील लवकर गेले आणि पोर मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे वाढलं. ढोरं राखली, नांगर धरला, मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना पाहिली. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला तेव्हा डेबूजी ऐन तेविशीत होते. पोटासाठी गाव सोडणारी माणसं या मुलखानं तेव्हा डोळ्यांनी पाहिली. पुढे बाबा कीर्तनात भुकेवर बोलत, त्यात ऐकीव काहीच नव्हतं. मुलीच्या बारशाला भाऊबंद मटण-दारूची वाट पाहत बसले होते. डेबूजींनी पानात गोड वाढलं. कर्ज काढून जेवणावळी घालणं आणि भुकेल्याला जेवू घालणं, यातला फरक त्यांनी घरातूनच दाखवायला सुरुवात केली.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. भातकुली तालुक्यात पूर्णेकाठी ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. काठाच्या चिखलात यात्रेकरू घसरत, म्हणून बाबांनी घाटाचं काम हाती घेतलं. ते १९०८ चं. तिथंच आंधळ्या-पांगळ्यांना अन्न आणि वस्त्र देणं सुरू झालं. पौषात ऋणमोचनला गेलो की मी पंगतीच्या कडेला उभा राहून वाढप्यांचे हात बघतो. एकदा एका पोरानं बाहेरगावच्या मजूर जोडप्याला गाव विचारलं. पत्रावळी मांडणारी म्हातारी त्याच्यावर खेकसली, “पयले पानी दे रे बाप्पा, मंग ईचार गाव कोनतं!” सदावर्ताचं सगळं शास्त्र मला त्या एका वाक्यात सापडलं.

बाबांची नजर जागेवर असे. माणूस जिथं थकून थांबतो तिथंच निवारा आणि अन्न हवं. म्हणून पंढरपूरला १९१७ मध्ये चोखामेळा धर्मशाळा, पुढे नाशिक-आळंदीला, आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, कारण गावाकडून आलेल्या रोग्याचे नातलग फुटपाथवर झोपत. हे सगळं उभं करणारा माणूस स्वतः मात्र मागून आणलेली भाकर गाडग्यात कालवून खाई. ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगेबाबा मिशन स्थापन झालं. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला बाबा गेले.

ज्या मूर्तिजापूरच्या शिवारात डेबूजींनी ढोरं राखली, तिथूनच मुंबई-नागपूर-कोलकाता महामार्ग जातो. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि या रस्त्यानं छत्तीसगड-ओडिशाकडची माणसं पायी निघाली. एप्रिल-मेचं अकोल्याचं ऊन. शिजवलेली खिचडी दुपारपर्यंत आंबायची, म्हणून कुणी दशम्या बांधून दिल्या, कुणी मुरमुरे-फुटाणे. जुन्या चपलांचाही ढीग लावावा लागला, कारण डांबरावर तळवे सोलवटून निघत होते. यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ हैदराबादच्या महामार्गावर ऐंशी पार केलेल्या बाबा कर्नैलसिंग खैरांनी गुरुद्वाऱ्याचा लंगर अखंड चालवला. लाखो माणसं तिथं जेवली. त्या ओसाड पट्ट्यात दुसरं जेवण मिळण्याची सोयच नव्हती. जागेची हीच नजर गाडगेबाबांची.

सरकारी बाजू थोडक्यात: शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झाली, टाळेबंदीत ५ रुपयांवर आली आणि एप्रिल २०२१ पासून काही काळ मोफत मिळाली. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, भात. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ मध्येच झाला होता. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे परगावीही धान्य उचलता येतं. पण धान्य शिजवायला चूल लागते, आणि थाळी दुपारीच मिळते.

मला बोलायचं आहे ते रात्रीबद्दल. मेळघाटातली कोरकू कुटुंबं मजुरीला खाली उतरतात. धारणी-चिखलदऱ्याहून अमरावतीला, अकोल्याला, कुणी त्याही पुढं. कडेवर लेकरू, डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात ताट-गंज. होळीला मात्र ती काहीही करून गावी परततात. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये हमालीला परप्रांतातूनही माणसं येतात. गाडी उशिरा पोचते, ठेकेदार सकाळी यायचा असतो, आणि मधली रात्र उपाशी जाते. अकोला आणि बडनेरा, या दोन स्थानकांबाहेर रात्री दहा ते पहाटे चार अशी पंगत बारा महिने चालावी. कार्ड मागायचं नाही, फोटो काढायचा नाही. झोपायला सतरंजी, बायांसाठी कडी लागणारी न्हाणी, आणि ठेकेदारानं दगा दिला तर तक्रार लिहून देणारं एक शहाणं माणूस. गावोगावची भंडारा मंडळं वर्षातून एकदा हजारोंची पंगत लीलया उठवतात. त्यांच्याकडे कढया आहेत, आचारी आहेत, वाढायला पोरं आहेत. मंडळांनी रात्री वाटून घ्याव्यात, आणि सुरुवात येत्या पौषात करावी.