गाणं तयार आहे? मग जरा थांबा!

घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या मंडळींनो, मिक्सिंग संपलं की त्याच रात्री गाणं प्रदर्शित करू नका. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल, तर ते प्रदर्शित होण्याआधीच सुचवावं लागतं. नंतर ती सोय नाही. किमान ७ दिवस आधी सुचवलंत, तर ते तुमच्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’मध्ये जातं. ही यादी दर शुक्रवारी बदलते. मी तर डिस्ट्रिब्युटरकडे महिनाभर आधीच फाइल देऊन टाकतो. (गणपतीचं गाणं असेल तर आषाढातच हिशेब मांडा!)

सुचवताना लिहायला फक्त ५०० अक्षरं मिळतात. तिथे ‘हृदयस्पर्शी’ वगैरे विशेषणं कशाला? संबळ वाजलाय का, चाल भारुडाची आहे का, ते सांगा. भाषा मराठीच निवडा.

आणि हो, २०२४ पासून १२ महिन्यांत १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे स्पॉटिफाय देत नाही. त्यामुळे एकदम दहा गाणी ओतण्यापेक्षा एकेक गाणं सोडून त्याच्यामागे महिनाभर लागलेलं मला बरं वाटतं. शब्द आणि चाल तुमची असेल तर आयपीआरएसचं सदस्यत्वही घ्या. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी तिथून वेगळी येते.